चिमटा जमिनीवर पडला तेव्हा

वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवरचे, शेळ्या पाळणारे एक काका मध्यंतरी ओपीडीत आले. महिनाभर ताप येत-जात होता, रात्री घामाने अंथरूण भिजत होते आणि कंबर धरली होती. टायफॉईड समजून गावात दोनदा सलाईन लावून झाले होते, मलेरियाचीही तपासणी झाली होती. बोलता बोलता कळले की त्यांच्या कळपातल्या तीन-चार शेळ्या लागोपाठ गाभडल्या होत्या. मेलेली करडे आणि जार त्यांनी उघड्या हातांनीच उचलून टाकला होता.

रक्ताचे कल्चर करायला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा होता. फॉर्मवर 'ताप, कारण अज्ञात' एवढे लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो. त्याखाली लाल शाईने आणखी एक ओळ लिहिली, 'ब्रुसेलोसिसची शंका, शेळ्यांशी संपर्क'. ही ओळ रुग्णापेक्षा त्या प्रयोगशाळेत बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या तंत्रज्ञासाठी होती.

ब्रुसेला हा जिवाणू जनावरांत गर्भपात घडवतो आणि माणसाला लांबत जाणारा ताप देतो. आपल्याकडच्या गुराढोरांत तो मुरलेला आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या जोडीने या रोगाचीही लस घेतली गेली ती त्यामुळेच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती टोचतात. प्रयोगशाळेतली मंडळी मात्र ब्रुसेलाला वेगळ्या कारणाने ओळखतात. काम करता करता प्रयोगशाळेतच होणाऱ्या जिवाणूसंसर्गांत जगभर त्याचा नंबर कायम वरचा राहिला आहे. श्वासावाटे दहा ते शंभर जिवाणू आत गेले तरी आजार होऊ शकतो. कल्चरच्या ताटलीवर तो सावकाश, बारीक ठिपक्यांनी वाढतो आणि पहिल्या नजरेला निरुपद्रवी वाटतो. जुन्या वळणाचा तंत्रज्ञ ताटली उघडून वास घेतो. काही जिवाणू वासावरून ओळखू येतात हे खरे आहे, आमच्या पिढीला तसे शिकवलेही होते. मग उघड्या टेबलावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला जातो, बुडबुडे फुटतात, आणि काही आठवड्यांनी तोच तंत्रज्ञ तापाने फणफणतो. शंका आधी कळली असती तर हेच काम सुरक्षा कॅबिनेटच्या आत झाले असते. चुकून संपर्क आलाच तर तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन घेऊन आजार बहुधा टाळता येतो, पण त्यासाठी संपर्क आला हे कळायला हवे.

डॉक्टरने ती ओळ लिहिलीच नाही तर? बहुतेक वेळा आम्ही ती लिहीत नाही, हे मान्य केलेले बरे. म्हणून तंत्रज्ञाचे आणि संशोधकाचे प्रशिक्षण असे हवे, की समोर आलेल्या प्रत्येक नमुन्यात काय दडले आहे हे माहीत नसतानाही त्याचे हात सुरक्षित वागतील. सगळा प्रश्न या हातांचा आहे आणि सध्या तो ऐरणीवर आहे, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत आपण प्रयोगशाळा फार वेगाने वाढवल्या.

जानेवारी २०२० मध्ये देशात कोरोनाची तपासणी एकट्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होत होती. पुढच्या दोन वर्षांत अशा प्रयोगशाळांची संख्या तीन हजारांवर गेली. त्यातल्या कित्येक विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान विभागांत उभ्या राहिल्या. आपल्या धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रातही २०२० मध्ये तपासणी सुरू झाली. माशांच्या नाहीतर पिकांच्या जनुकांवर काम करणारी मुलेमुली अचानक माणसाच्या घशातले नमुने हाताळू लागली. त्यांनी काम उत्तम केले. पण ते युद्धातले काम होते. एकाने दुसऱ्याला दाखवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चौथ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा. साथ ओसरल्यावर कंत्राटे संपली आणि ती शिकलेली मुलेही पांगली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा योजनेत देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारायची आहे. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे इमारती, यंत्रे आणि विद्यार्थी येत आहेत. ही मुले शिकणार कुणाच्या हाताखाली आणि किती दिवस, हे मात्र कागदावर धड सापडत नाही.

नुसती यंत्रे आणून भागत नाही, हा धडा महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जगातला सर्वांत भयंकर मानला जाणारा जंतू बाटल्याबाटल्यांनी वाढवायचा आणि मदतीला ही माणसे! तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी परळहून आलेल्या बाटल्यांतली लस १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांतल्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन. चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईतच दूषित झाली असावी असा निष्कर्ष त्याने काढला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. नंतर साक्षीपुरावे बारकाईने पाहिले गेले तेव्हा एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे आली. बाटलीचे बूच काढायचा चिमटा त्या सकाळी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि कार्बोलिकच्या अशा ओझरत्या बुडवणीने ते मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. तोवर पाच वर्षे गेली होती.

ही गोष्ट आपल्याकडे एका थोर माणसावर झालेल्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते. अन्याय होताच. पण वैद्यक शिकणाऱ्याने तिच्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे, मागणी वाढली म्हणून हाफकिन यांनी लस जलद तयार होईल अशी पद्धत स्वीकारली होती आणि त्यात आधी वापरला जाणारा कार्बोलिक ॲसिडचा अंश वगळला होता. लस जंतुविरहित असेल तर त्याची गरज नव्हती, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर. मात्र तो अंश शेवटच्या टोकाला होणाऱ्या चुकीसाठी थोडीफार राखण होता. सुरक्षेचा एक पदर काढला की उरलेल्या पदरांवर भार वाढतो, आणि शेवटचा पदर होता शेकडो मैल दूर उभ्या असलेल्या मदतनिसाचा हात. दुसरे म्हणजे, बाटल्यांना क्रमांक होते आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचले याची नोंद होती. ती नसती तर 'लसीने माणसे मेली' एवढेच उरले असते आणि चिमट्याचे कोडे कधीच उलगडले नसते. मदतनिसाला दोषी ठरवून हात झटकणे मला पटत नाही. जमिनीवर पडलेल्या चिमट्याचे काय करायचे हे त्याला कुणी, किती वेळा, करून दाखवले होते?

पुण्याची विषाणू संस्था १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या कॅसनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना रक्तस्रावी ताप येऊ लागला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्यातला नवा विषाणू वेगळा केला. हाच माकडताप, जो २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पसरला. हा ताप जंगलात गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. तरीही पुण्याच्या प्रयोगशाळेत, जिथे गोचिडीला शिरकाव नव्हता, तिथले कर्मचारी त्या काळात एकामागून एक या तापाने आजारी पडले. कारण पिपेटमधून थेंब सुटताना, नळी हलवताना, मिक्सरचे झाकण उघडताना डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत उडतात. जंगलातला विषाणू ज्या वाटेने कधी आला नसता ती वाट प्रयोगशाळेने त्याला करून दिली.

अमेरिकेतल्या रॉबर्ट पाइक यांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या जवळपास चार हजार संसर्गांचा आढावा घेतला होता. त्यातल्या पाचातल्या एकालासुद्धा आपल्याला संसर्ग नेमका कधी झाला हे सांगता आले नव्हते. सुई टोचली, बाटली फुटली असा लक्षात राहणारा अपघात घडलाच नव्हता. रोजचे काम रोजच्यासारखे करताना ते आजारी पडले. आपल्या तेरखेड्यात फटाक्यांचे काम चालते. फटाक्याची दारू चुकली तर आवाज होतो, अख्ख्या शिवाराला कळते. जंतूंच्या चुकीला आवाज नसतो. म्हणून 'माझी वीस वर्षे झाली, मला काही झालं नाही' या वाक्याला प्रयोगशाळेत काही किंमत नाही. तो अनुभव असेल, पुरावा नव्हे.

सार्सची साथ जुलै २००३ मध्ये संपली. त्यानंतर सिंगापूर, तैपेई आणि बीजिंग इथे हा आजार पुन्हा निघाला तो प्रयोगशाळांतून. सिंगापूरचा रुग्ण एक संशोधक विद्यार्थी होता आणि तो सार्सवर काम करतच नव्हता. त्याचा विषय वेस्ट नाइल विषाणू, पण त्याला मिळालेल्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळलेला होता. बीजिंगमध्ये २००४ साली आजारी पडलेल्या संशोधक तरुणीची आई तिची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन गेली. ती स्वतः डॉक्टर होती. चीनमधल्याच लान्झोउ शहरात २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्याने बाहेर सोडायच्या हवेसाठी मुदत संपलेले जंतुनाशक वापरले. वाऱ्याबरोबर जिवाणू शेजारच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेकडे गेले. दहा हजारांहून अधिक माणसे बाधित आढळली. बाटलीवरची तारीख कुणी वाचली नव्हती.

आता आपल्याकडच्या साध्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत डोकावू. जीवशास्त्राच्या विभागात एक काचेचे कपाट असते, त्यात मंद आवाज करत हवा वाहते. विद्यार्थी त्यासमोर बसून जिवाणूंचे काम करतात आणि आपण सुरक्षित आहोत असे समजतात. बहुतेक ठिकाणी ते लॅमिनार फ्लो असते. त्यातली हवा गाळून आतून बाहेर, म्हणजे बसणाऱ्याच्या तोंडावर येते. ते नमुना स्वच्छ ठेवते, माणसाला वाचवत नाही. उलट ताटलीतले जंतू त्याच्याकडेच ढकलते. रोगजंतूंसाठी लागते ते जैवसुरक्षा कॅबिनेट. त्यात समोरची हवा आत ओढली जाते आणि गाळणीतूनच बाहेर पडते. दोन्ही कपाटे लांबून सारखी दिसतात, किंमत वेगळी, काम जवळजवळ उलटे. हा फरक पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना विचारून पाहा. मी काही ठिकाणी विचारला आहे, आणि उत्तरे ऐकून काळजी वाटली.

खरे कॅबिनेट असले तरी समोरच्या जाळीवर वही ठेवली, डोक्यावर पंखा लावला, हात झटक्याने आत-बाहेर केले की हवेचा तो अदृश्य पडदा फाटतो. दरवर्षी त्याची गाळणी आणि हवेचा वेग तपासून घ्यावा लागतो. यंत्र घेताना निधी मिळतो, तपासणीसाठी दरवर्षी पैसे मागितले की 'चालू आहे ना?' असे उत्तर मिळते. दिवा लागतो आणि आवाज येतो, म्हणजे चालू आहे!

ऑटोक्लेव्हचे तसेच. घरच्या कुकरचे हे मोठे भावंड. १२१ अंश तापमान, पंधरा पौंड दाब आणि किमान पंधरा-वीस मिनिटे. पण पिशवी ठासून भरली, आतली हवा निघालीच नाही, तर काटा बरोबर दाखवतो आणि मधला कचरा कच्चा राहतो. खिचडी कुकरात गच्च भरली तर मधले तांदूळ कच्चे राहतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपल्याकडे मध्येच वीज जाते. वीज आल्यावर उरलेली मिनिटे पुरी करायची नसतात, सुरुवातीपासून चक्र पुन्हा चालवायचे असते. हे कुणीतरी सांगितले तर कळते, एरवी घाईत जे व्हायचे ते होते. निर्जंतुकीकरण खरेच झाले का, हे पाहायला उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंची पट्टी मिळते. ती वापरणारी ठिकाणे मी मोजकीच पाहिली आहेत.

नमुना सांडला तर काय करायचे? नव्या मुलाला विचारले तर तो फडके शोधतो. पुसायला घाई केली की तुषार उडतात आणि घाण पसरते. आधी जवळच्या माणसांना दूर करायचे, हातमोजे-मास्क घालून सांडलेल्या जागेवर टिपकागद किंवा कापूस पांघरायचा, मग कडेकडून मध्याकडे हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण ओतायचे आणि निदान अर्धा तास थांबायचे. हे 'ताजे' महत्त्वाचे. सोमवारी केलेले द्रावण शुक्रवारी पाण्यासारखे होते, बाटलीला रंग तोच असतो. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला तर झाकण उघडायचे नाही, यंत्र बंद करून अर्धा तास तसेच ठेवायचे. या क्षणी माणसाची नैसर्गिक ऊर्मी नेमकी उलटी असते, काय फुटले ते पाहण्याची. ही ऊर्मी पुस्तक वाचून जात नाही. पोहायला जसे पाण्यात उतरूनच शिकावे लागते तसे हे रंगीत पाण्याच्या नळ्या फोडून दहादा करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रयोगशाळा सुरक्षेची आपली पुस्तिका १९८३ मध्ये पहिल्यांदा काढली. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत भर बदलला आहे. आधी सगळे लक्ष एक ते चार या पातळ्यांवर असायचे. चौथी पातळी म्हणजे पुण्यात २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रयोगशाळेसारखी, हवाबंद पोशाख घालून काम करायची जागा. तिची गरज आपल्याला आधीच कळून चुकली होती. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाच्या रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले होते. नवी पुस्तिका म्हणते, पातळीचा शिक्का पाहण्यापेक्षा आधी हे विचारा की कोणता नमुना आहे, त्याचे काय करणार आहात आणि करणारा माणूस किती तयार आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हाच्या आरोग्य सभेतही प्रयोगशाळांतल्या जैविक धोक्यांच्या व्यवस्थापनावर ठराव झाला. ठरावांनी तालुक्यात काय बदलते हा प्रश्न रास्तच आहे, पण दिशा योग्य वाटते.

आपल्या देशात नियम नाहीत असे नाही. १९८९ च्या पर्यावरण नियमांनुसार जनुकीय बदल केलेल्या जीवांवर काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तर स्पष्ट आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा प्रशिक्षण द्यायचे, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी द्यायच्या, प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवांचा कचरा बाहेर देण्याआधी जागीच निर्जंतुक करायचा. फट दुसरीकडे आहे. पदवीचा विद्यार्थी प्रकल्पासाठी दगडी झालेल्या म्हशीच्या दुधातून किंवा गटाराच्या पाण्यातून जिवाणू वाढवतो, औषधांना न जुमानणारे निवडतो आणि ते नळीत भरून फ्रीजमध्ये ठेवतो. शेजारी चहाचे दूध असते, हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी समिती कुठे असते? पीएच.डी. करणाऱ्याला संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम आता सक्तीचा आहे. दुसऱ्याचे वाक्य चोरू नये हे त्याला शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण जंतूंशी काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आधी हातांची परीक्षा द्यावी, अशी सर्वांना लागू होणारी सक्ती नाही. वाहन चालवायला परवाना लागतो, इथे प्रवेशाची पावती पुरते. माझ्या मते विद्यापीठांनी एवढे तरी करावे. सजीव नमुन्याला हात लावण्याआधी प्रत्यक्ष कृतीची परीक्षा, दर वर्षी तिची उजळणी, आणि ही नोंद असल्याशिवाय प्रकल्पाला मंजुरी नाही. यासाठी इमारत लागत नाही. एक शिकलेला माणूस आणि दोन दिवस लागतात.

दुसरी फट पैशाने बुजत नाही, ती भीतीची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना आमच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याला सुईवर पुन्हा टोपण बसवताना टोचले. तेव्हा सगळेच टोपण बसवत. त्याने कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर 'निष्काळजीपणा का केला' म्हणून मेमो मिळाला असता, हे त्याला माहीत होते, मलाही माहीत होते. काही वर्षांनी रक्तदान शिबिरात त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. त्याच सुईमुळे झाला का, हे सांगता येत नाही, कारण नोंदच नव्हती. लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून बी प्रकारची कावीळ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, सी प्रकारची दोन-तीन, एचआयव्हीची हजारात तीन. बी ला लस आहे. एचआयव्हीसाठी लगेच, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, औषधे सुरू केली तर धोका बराच कमी होतो. हे सगळे उपाय 'मला टोचलं' या एका वाक्यापासून सुरू होतात. ते वाक्य उच्चारणाऱ्याला आधी नोटीस दिली तर पुढचा माणूस गप्प बसतो. मुलकोवालच्या चौकशीतही आधी दोषी माणूस शोधला गेला आणि चिमटा पाच वर्षांनी सापडला.

हल्ली मी वर्षातून दोनदा सहकाऱ्यांसाठी एक छोटासा वर्ग घेतो. पदराला खार लावायचा नाही म्हणून साधने घरगुती. हातमोज्यांना कुंकवाचे पाणी लावायचे आणि ते कुठेही डाग न पडता काढून दाखवायचे. पहिल्या फेरीत सगळ्यांची मनगटे लाल होतात, अनुभवी माणसांची आधी, माझेही झाले होते. मग टीबीच्या नमुन्याचे काम पाण्यावर करून पाहायचे. थुंकीच्या एका भागाला दोन भाग रसायन, घट्ट झाकण, हलवणे, पंधरा मिनिटे थांबणे. मशीनच्या डबीत नमुना घालण्याची घाई असते आणि ही पंधरा मिनिटे हमखास कापली जातात. खरे तर थुंकीतले जंतू याच वेळात बरेचसे निष्प्रभ होतात.

मागच्या वर्गाला तंत्रज्ञ होते, परिचारिका होत्या, जवळच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक मुद्दाम आले होते. सफाईचे काम करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना मी यादीत घेतलेच नव्हते, ती चूक माझी. कार्यक्रम संपल्यावर त्या पुढे आल्या. "सर, पिवळ्या पिशवीतली बाटली आतल्या आत फुटलेली असली तर पिशवी आम्ही कशी उचलायची? ते कुणी दाखवलंच नाही अजून." खोलीतल्या एकालाही याचे पटकन उत्तर देता आले नाही. मग रिकाम्या बाटल्या घेतल्या, पिशवीत घातल्या, आणि दुपारचे जेवण अर्धा तास पुढे ढकलून आम्ही सगळ्यांनी मिळून ते करून पाहिले. पिशवीला बाहेरून दाबायचे नाही, छातीशी धरायचे नाही, खालून दुसऱ्या पिशवीचा आधार देऊन टणक डब्यात ठेवायची. जाड हातमोजे, चिमटे, टिपकागद आणि हायपोक्लोराइटची तारीख टाकलेली बाटली असा एक संच आता त्यांच्याच खोलीत असतो. बाटलीवरची तारीख त्या दर सकाळी बदलतात.